नर्मदेच्या 112 वाट्यांचा हिशेब

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचललं जातं. सुमारे 70 किलोमीटरची जलवाहिनी, मध्ये विंध्याचा घाट, आणि शहर नदीपात्रापेक्षा साधारण 400 मीटर उंचावर. पहिला टप्पा 1978 मध्ये सुरू झाला. वापरून झालेलं पाणी मात्र नर्मदेला परत मिळत नाही. ते कान्हमधून क्षिप्रेत आणि पुढे चंबळेत जातं. नर्मदा खोऱ्याच्या दृष्टीने हे पाणी कायमचं खर्ची पडलं. ते मध्य प्रदेशाच्या वाट्यातलं आहे, म्हणून हा वाटा कसा ठरला हे इंदूरकराने समजून घेतलंच पाहिजे.

5 एप्रिल 1961 रोजी पंडित नेहरूंनी गुजरातमधल्या नवागामला कोनशिला बसवली, ती 162 फुटांच्या धरणाची. हेच पुढचं सरदार सरोवर. गुजरातला कालवा कच्छ-सौराष्ट्रापर्यंत न्यायचा होता, त्यासाठी उंची वाढवणं भाग होतं. बुडणारी जमीन बहुतांशी मध्य प्रदेशाची. उंची वाढवण्याबाबत गुजरातशी झालेला 1963 चा भोपाळ करार मध्य प्रदेशाने मान्य केला नाही. खोसला समितीने 500 फूट सुचवले, तेही फेटाळले गेले. शेवटी 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली ऑक्टोबर 1969 मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला.

राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही, मग त्याला पाणी कशाचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 1974 मध्ये मुख्यमंत्र्यांनी आपसात तोड काढली: वापरता येण्याजोगं पाणी 28 दशलक्ष एकर-फूट धरायचं (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), त्यातलं पाव दशलक्ष महाराष्ट्राला (10.89 टीएमसी), अर्धा दशलक्ष राजस्थानला. उरलेल्या 27.25 ची वाटणी लवादाने केली: मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9. धरणाची पूर्ण पातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर ठरली. अंतिम निवाडा डिसेंबर 1979 चा, आणि त्याची अंमलबजावणी पाहणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण इंदुरातच, विजयनगरला आहे.

28 हा आकडा 75 टक्के भरवशाचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षं एवढं पाणी मिळेल असा. चौथ्या वर्षाची तजवीज निवाड्यातच आहे: तूट असो वा जादा पाणी, ते मध्य प्रदेश 73, गुजरात 36, राजस्थान 2 आणि महाराष्ट्र 1 या प्रमाणात वाटायचं. एकूण वाटे 112. सन 2017-18 मध्ये पाणी भरलं अवघं 14.66 दशलक्ष एकर-फूट. त्याचे 36 वाटे गुजरातला, म्हणजे 9 ऐवजी 4.71; मध्य प्रदेशाला साधारण 9.55. गुजरात सरकारला 15 मार्चनंतर उन्हाळी पिकांना पाणी मिळणार नाही असं शेतकऱ्यांना सांगावं लागलं. या सूत्रामुळे निदान कोणी किती सोसायचं यावर दरवर्षी नव्याने भांडण होत नाही.

भांडण होतं ते पाणी कधी आणि कुठून सोडायचं यावर. सरदार सरोवरात दोन वीजघरं आहेत. 250 मेगावॉटचं कालव्याच्या मुखाशी. तिथून गेलेलं पाणी पुढे शेतापर्यंत पोचतं. 1200 मेगावॉटचं नदीपात्रात. त्यातून सुटलेलं पाणी कालव्याला मिळत नाही, ते समुद्राकडे जातं. विजेतला वाटा मात्र मध्य प्रदेशाचा 57 टक्के, महाराष्ट्राचा 27 आणि गुजरातचा अवघा 16. साहजिकच गुजरातला पाणी राखायचं असतं, वरच्या राज्याला वीज हवी असते. 2019 च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदाच पूर्ण भरायचं म्हणून गुजरातने नदीपात्रातलं वीजघर बंद ठेवण्याचा आग्रह धरला आणि गुजरात व मध्य प्रदेश सरकारांत जाहीर खटका उडाला.

खरी नाजूक जागा 28 हा आकडाच आहे. नदीत प्रत्यक्षात सुमारे 23 एवढंच भरवशाचं पाणी आहे, असा दावा सर्वोच्च न्यायालयात झाला होता. 2000 च्या निकालात न्यायालयाने निवाड्याने ठरलेला आकडा पुन्हा उघडायला नकार दिला.

वाटणीचा फेरविचार राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून 45 वर्षांनी कधीही करता येतो, अशी तरतूद आहे. ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये पुरी झाली. मध्य प्रदेशाला आपले 18.25 राखायचे तर प्रत्यक्ष उपशाच्या नोंदी पक्क्या हव्यात, आणि त्यात जलूदचे पंप व 2014 पासून क्षिप्रेत सोडलं जाणारं नर्मदेचं पाणी हे दोन्ही खोऱ्याबाहेरचे उपसे वेगळे मोजलेले हवेत.