आधी विमा की आधी आजार?

विमा असलेला माणूस डॉक्टरकडे जास्त वेळा जातो. पण विमा आहे म्हणून जातो, की वरचेवर आजारी पडतो म्हणूनच त्याने विमा काढला? आरोग्य अर्थशास्त्रातल्या कितीतरी संशोधकांची उमेदीची वर्षं हा गुंता सोडवण्यात गेली आहेत.

या शाखेची सुरुवात बहुधा केनेथ ॲरो यांच्या १९६३ च्या लेखापासून धरतात. आपल्याला काय झालंय हे रुग्णाला नीट कळत नाही, डॉक्टरला कळतं. अशा बाजाराला भाजी मंडईचे नियम लागू पडत नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा रोख. १९७२ मध्ये मायकेल ग्रॉसमन यांनी आरोग्याला झिजत जाणारं भांडवल मानलं. सिद्धांत उभे राहिले, पुराव्याचं घोडं मात्र अडलेलंच होतं.

ते हललं रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या प्रयोगाने. १९७४ ते १९८२ या काळात, जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेतल्या सहा ठिकाणच्या सुमारे ५,८०० लोकांना वेगवेगळे विमे सोडतीने नेमून दिले गेले, म्हणजे आजारी माणसाने स्वतःच विमा निवडण्याचा प्रश्न उरला नाही. कोणाला उपचार फुकट, तर कोणाला ठरावीक मर्यादेपर्यंत बिलाचा २५, ५० किंवा चक्क ९५ टक्के वाटा पदरचा. ९५ टक्केवाल्यांचा खर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला आणि सरासरी प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. पण खिशाला चाट बसू लागली की लोक अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचेही टाळतात, आणि उच्च रक्तदाबाच्या गरीब रुग्णांना फुकट उपचारांचा स्पष्ट फायदा झाला, हेही त्यातच निघालं. हा भाग धोरणकर्त्यांच्या भाषणात क्वचितच येतो.

आरोग्यखर्चाचे आकडेही विचित्र. वर्षभरात बहुतेकांचा रुग्णालयाचा खर्च शून्य, मोजक्यांचा लाखांत. अशा वेळी सरासरी फसवी ठरते. म्हणून दोन टप्प्यांची पद्धत आली: खर्च झाला का, आणि झाला तर किती. डॉक्टरकडच्या खेपा मोजण्याची संख्याशास्त्रीय प्रारूपं पार्थ देब आणि प्रवीण त्रिवेदी यांनी १९९७ मध्ये पुढे नेली.

रँडसारखा प्रयोग पुन्हा परवडणं कठीण. मग नजर आयत्या घडलेल्या सोडतींकडे वळली. २००८ मध्ये ओरेगॉन राज्याने गरिबांच्या सरकारी विम्यातल्या मोजक्या जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बायकर आणि सहकाऱ्यांनी ती संधी साधली. उपचारांचा वापर वाढला, नैराश्य आणि कर्जाचा ताण घटला. रक्तदाबात मात्र दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. अशा आयत्या प्रयोगांतून कार्यकारणभाव कसा काढायचा, याच्या पद्धतीसाठी जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या शेजारी कर्नाटकात, गुलबर्गा आणि म्हैसूर भागांत, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवर असाच प्रयोग झाला. फुकट विमा बहुतेकांनी घेतला, पण अनेकांना तो रुग्णालयात प्रत्यक्ष वापरता आला नाही.