सीएमएसचा ट्रॅकर आणि आकाशातून येणारे म्युऑन

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात, कणांचे मार्ग टिपणारा ट्रॅकर २००८ मध्ये पुरा बसवून झाला, तेव्हा त्यात सिलिकॉनची १६,५८८ मॉड्यूल, म्हणजे कण टिपणाऱ्या छोट्या पट्ट्या, होती आणि सिलिकॉनचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर होतं. विद्युतभारित कण मॉड्यूलवर नेमका कुठून गेला हे मॉड्यूल फार बारकाईने सांगतं. पण ते मॉड्यूल स्वतः कुठे आहे, हे कोण सांगणार?

कारागीर कितीही कसबी असले तरी इतका मोठा सांगाडा उभारताना थोडंफार इकडेतिकडे होतंच. इथे थोडंफारही चालत नाही. सीएमएसचं चुंबकीय क्षेत्र ३.८ टेस्लाचं, ट्रॅकरची त्रिज्या साधारण १.१ मीटर. १ टीईव्ही एवढ्या प्रचंड संवेगाचा म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) एवढ्या अंतरात सरळ रेषेपासून जेमतेम १७० मायक्रॉन वाकतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या वाकण्यावरूनच त्याचा संवेग काढायचा असतो. मॉड्यूलच शंभर मायक्रॉन सरकलेलं असेल, तर वाकला तो कण की सांगाडा, हे कळायला मार्ग उरत नाही.

मॉड्यूलची खरी जागा शोधायला कणांचे मार्गच कामी येतात. मार्ग आखायचा आणि एखाद्या मॉड्यूलवरची नोंद दर वेळी एकाच बाजूला पडते का ते पाहायचं. तशी पडत असेल तर मॉड्यूल सरकलेलं. प्रत्येक मॉड्यूल तीन दिशांना सरकू शकतं आणि तीन अक्षांभोवती वळू शकतं, म्हणजे जवळपास एक लाख अज्ञात संख्या. त्यात मार्गही आधी माहीत नसतात, तेही त्याच गणितातून काढायचे. हांबुर्गच्या फोल्कर ब्लोबेल यांची ‘मिलेपीड’ ही पद्धत इथे उपयोगी पडली. ती प्रत्येक मार्गाचे स्वतःचे अज्ञात आधीच वेगळे काढते, त्यामुळे शेवटी सोडवायचं समीकरण आवाक्यात राहतं.

आणि कण? ते १९१२ पासून माहीत असलेल्या स्रोताकडून, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांकडून, फुकट मिळतात. त्या वर्षी व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि किरणोत्सार उंचीबरोबर वाढतो हे त्यांनी दाखवलं. होमी भाभा आणि भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये वैश्विक किरणांमुळे होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वर्षावाचं गणित मांडलं. त्या गणितात न बसणारा, शिशाच्या जाड थरांतूनही आरपार जाणारा भाग म्युऑनांचा होता. समुद्रसपाटीला तळहातातून दर सेकंदाला असा एखाददुसरा म्युऑन जातो. भाभांनी उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरुवातीपासून वैश्विक किरणांवर काम चाललं, आणि सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) उभारणीत याच संस्थेचा वाटा आहे.

२००७ मध्ये ट्रॅकर अजून जमिनीवरच, सर्नच्या जुळणी केंद्रात होता, तेव्हाच त्याच्या एका भागावर म्युऑनांच्या चाचण्या झाल्या. पण तिथे चुंबक नव्हता. चुंबकाविना संवेग कळत नाही, आणि वाटेतल्या पदार्थात ठेचकाळत आलेल्या मंद म्युऑनवर किती विसंबायचं हेही ठरवता येत नाही.

मग १९ सप्टेंबर २००८ उजाडला. एलएचसीत, म्हणजे सीएमएस ज्यावर बसवलेला आहे त्या सर्नच्या महाकाय कण-त्वरकात, कणांचा पहिला झोत फिरून जेमतेम नऊ दिवस झाले होते. दोन चुंबकांमधल्या सदोष विद्युत जोडणीमुळे हेलियम सुटलं, आणि त्वरक वर्षभराहून अधिक काळ बंद पडला. सीएमएसने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चुंबक चालू ठेवून सुमारे २७ कोटी वैश्विक घटना नोंदवल्या. त्वरकासाठी संकट असलेली ही सुट्टी ट्रॅकरच्या पथ्यावर पडली, असं म्हणायला हरकत नाही. ट्रॅकरमधून गेलेल्या काही दशलक्ष मार्गांवरून बॅरलमधल्या, म्हणजे ट्रॅकरच्या मधल्या दंडगोलातल्या, मॉड्यूलच्या जागा सर्वांत संवेदनशील दिशेत ३ ते ४ मायक्रॉनपर्यंत कळल्या. टोकांच्या चकत्यांमध्ये मात्र ही अचूकता ३ ते १४ मायक्रॉन राहिली. कारण सरळ आहे: म्युऑन ओळंब्यासारखे बहुतेक वरून खाली येतात. बॅरलची वरची-खालची मॉड्यूल ते चांगली पारखतात, उभ्या चकत्यांना क्वचितच नीट छेदतात, आणि केंद्राजवळच्या छोट्या पिक्सेल भागातून तर फारच थोडे जातात.

मग एलएचसीत कणांच्या टकरी सुरू झाल्यावर आकाशातल्या म्युऑनांची गरज संपायला हवी होती. तसं झालं नाही. टकरीतले सगळे मार्ग केंद्रातून बाहेर जातात, त्यामुळे काही विकृती त्यांना दिसतच नाहीत. समजा, प्रत्येक थर आपापल्या त्रिज्येच्या हिशेबाने थोडा वळला आहे. तरीही मार्ग नोंदींवर छान बसतो, फक्त धन आणि ऋण कणांचे संवेग उलटसुलट दिशांना चुकतात. आकाशातून आलेला एकच म्युऑन मात्र वरच्या अर्ध्यातून आत शिरतो आणि खालच्या अर्ध्यातून बाहेर पडतो. दोन्हीकडे वेगवेगळा मोजला तरी संवेग सारखाच यायला हवा. तो येत नसेल, तर सांगाड्यात पीळ आहे. म्हणून सीएमएसमध्ये टकरींच्या मार्गांसोबत म्युऑनचे मार्गही गणितात घेतले जातात. २०१७ मध्ये १,८५६ मॉड्यूलचा नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला, तेव्हाही टकरी सुरू होण्याआधी मॉड्यूलच्या जागांचा पहिला हिशेब याच म्युऑनांवर झाला.