ॲस्ट्रोसाइट म्हणजे रक्त-मेंदू अडथळा नव्हे
चेतापेशी शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीची, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. घोळ होतो तो तिच्याभोवतीच्या मंडळींत: तिला आधार देणारी ताऱ्यासारखी पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट, आणि रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं ते ठरवणारा रक्त-मेंदू अडथळा. 'ॲस्ट्रोसाइट केशवाहिनीला पाय टेकवतात आणि त्या पायांचाच अडथळा बनतो' हे वाक्य क्लासच्या नोट्सपासून आरोग्य पुरवण्यांपर्यंत इतक्यांदा वाचलंय की आता पान उलटतो.

दोष चित्राचा आहे. नळीभोवती हे पाय, म्हणजे ॲस्ट्रोसाइटच्या फांद्यांची टोकं, असे गच्च चिकटवलेले दाखवतात की बघणाऱ्याला तीच भिंत वाटावी. पण सस्तन प्राण्यांत अडथळा म्हणजे केशवाहिनीचं स्वतःचं अस्तर: एण्डोथेलियल पेशींचा एकेरी थर, टाइट जंक्शननी एकमेकींना शिवलेला. 1967 मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की या संशोधकांनी उंदरांच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे माग काढता येणारं प्रथिन सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते या शिवणींतच अडलं, पायांपर्यंत पोचलंच नाही. तेच उलट बाजूने, मेंदूतल्या पोकळीत सोडलं, तर पायांमधल्या फटींतून आरामात सरकत अस्तरापर्यंत येतं आणि तिथे थांबतं. पाय भिंत असते तर आधीच अडलं असतं ना? शार्कमध्ये मात्र खरोखर ग्लिया पेशीच (ॲस्ट्रोसाइट ज्या गटातली, त्या आधारपेशी) अडथळा बनतात. चित्रकाराने खाली 'शार्क' लिहिलं तर माझी तक्रार नाही.

म्हणजे ॲस्ट्रोसाइट बिनकामाची? मुळीच नाही. अस्तराची वीण घट्ट राहावी म्हणून लागणारे रासायनिक इशारे तीही देते. पाण्याची ये-जा सांभाळणारी ॲक्वापोरिन-4 ही प्रथिनं तिच्या पायांत दाटीने असतात. मेंदूतलं ग्लायकोजन बहुतेक सगळं तिच्याच कोठारात. त्यातून आणि ग्लुकोजपासून ती लॅक्टेट हे इंधन बनवून चेतापेशीला देते, पण नेमकं किती, यावर ही कल्पना मांडली गेली त्या 1994 पासून वाद चालू आहे. चेतापेशीकडे ग्लुकोज आत घ्यायला स्वतःचं ग्लुट-3 हे वाहक प्रथिन असतंच, त्यामुळे 'ॲस्ट्रोसाइट भरवते म्हणून न्यूरॉन जगतो' हेही मला पटत नाही.

रक्त आणि मेंदूजल (मेंदूभोवतीचा द्रव) यांच्यातला अडथळा वेगळा, तो हा द्रव बनवणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता रक्त-मेंदू अडथळ्याला सर्रास लावला जाणारा 'गाळणी' हा शब्द. गाळणी आकार बघते, हे अस्तर ओळख बघतं. ग्लुकोजला ग्लुट-1 वाहक आत नेतो, त्यासाठी इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारा संदेशवाहक रेणू डोपामाइन, त्याचा रेणुभार 153; ज्यापासून ते बनतं त्या लेव्होडोपा या औषधाचा 197. लहान डोपामाइन बाहेर राहतं आणि मोठं लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून आत जातं, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइनची गोळी देत नाहीत. लेव्होडोपासोबत दिली जाणारी कार्बिडोपा आत जात नाही, आणि तेच हवं असतं: लेव्होडोपाचं डोपामाइन वाटेतच होऊ नये हे ती बाहेर थांबून बघते.