जुन्या बुलेटला ट्रायल्सचा साज: गाडी खोलण्याआधी वाचा

"वडिलांची बुलेट गोठ्यात पडून आहे. ट्रायल्स करून द्या, मग विकून टाकू." असे फोन जुन्या बुलेट उभ्या करणाऱ्या आमच्या गॅरेजला नेहमी येतात. फोनवर जे बोलायचं राहून जातं, ते इथे लिहितो आहोत.

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नव्हे. दगडधोंडे, ओढा, चिखल यांतून पाय न टेकता गाडी काढायची. पाय टेकला की दंडाचे गुण. मागे स्विंग आर्म (मागचं चाक वरखाली होऊ देणारा दांडा) असलेली बुलेट 1948 साली इंग्लंडमध्ये अशाच ट्रायलमध्ये पहिल्यांदा उतरली. पुढे जॉनी ब्रिटन यांनी 350 बुलेटवर 1952 आणि 1957 ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. वर उचललेला सायलेन्सर, एकट्याची सीट, गुट्ट्यांचे टायर हे रूप त्या गाड्यांचं. 1955 पासून मद्रासला बनलेली बुलेट त्याच घराण्यातली, म्हणून तिला हा साज शोभतो.

तरीही सगळ्याच गाड्यांना आम्ही तो चढवत नाही. हेडलाइटचं मूळ घर, टूलबॉक्स, मडगार्ड, टाकी जागेवर असेल आणि इंजिन-चेसी नंबर आरसीशी जुळत असतील, तर ती गाडी आहे तशीच उभी करा, असं आम्ही हात जोडून सांगतो. मूळ मडगार्ड एकदा कापला की तसा पुन्हा मिळत नाही. आधीच कुणी कापलेली, निम्मे भाग हरवलेली गाडी मात्र ट्रायल्ससाठी अगदी योग्य. तिथेही चेसीला कटर किंवा वेल्डिंग लावत नाही; सगळं नट-बोल्टवर बसवतो आणि काढलेले भाग चिठ्ठ्या लावून पोत्यात घालून परत देतो.

कायद्याचीही बाजू आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. हौसेपोटी चेसी कापली, तर हा रस्ताच बंद होतो.

कामाला सुरुवात नंबरापासून होते. मागे एका गाडीच्या मानेवरचे, म्हणजे चेसीच्या हँडलजवळच्या भागावरचे, रंगाचे थर ब्लेडने हळूहळू खरवडले: वर लाल, मग हिरवा, खाली मूळ काळा, आणि त्याखाली आरसीतला नंबर, एक अंकही न पुसलेला. आधीच्या रंगाऱ्याने ग्राइंडर फिरवला असता तर त्या गाडीची ओळखच गेली असती. म्हणून पावडर कोटिंगआधी नंबरावर आम्ही स्वतः टेप लावतो.

350 बुलेटचं इंजिन साधं आहे, 70 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), पण घाई त्याला चालत नाही. बोअरिंग उद्यमनगरात करून घेतो. ओव्हरसाइझ (थोड्या मोठ्या मापाचे) पिस्टन संपले असतील तर सिलिंडरला आतून नवी स्लीव्ह. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक), व्हॉल्व्ह सीट, ऑइल पंप उघडून तुम्हाला दाखवल्याशिवाय खर्चाचा आकडा देत नाही. वरून चकाचक आणि आत खडखडाट, अशी गाडी आम्ही कुणाला विकू देणार नाही.

विक्रीच्या वेळी रंगापेक्षा कागद मोलाचे. आरसी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्या. त्यानंतर विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या आरटीओत जाणार असेल तर एनओसीही लागेल. नोंदणीची मुदत संपलेली असल्यास तीही आधी वाढवा. आम्ही प्रत्येक गाडीसोबत फाइल देतो: खोलतानाचे फोटो, बदललेल्या भागांची बिलं, आणि काय मूळ, काय नवं याची यादी. ट्रायल्सचा साज नंतर चढवला असेल तर तसं स्पष्ट लिहितो. घेणाऱ्याला 'कंपनीची ट्रायल्स' म्हणून सांगायचं असेल, तर ते काम आमच्याकडे आणू नका.

बरीच वर्षं बंद असलेल्या गाडीला किक मारून पाहू नका. पिस्टन आत गंजून धरलेला असू शकतो. आणि आणताना धुऊनही आणू नका. तेल कुठून गळतं, हे त्या जुन्या चिकट थरावरूनच आम्हाला कळतं.