व्यावसायिक वाचन (इंग्रजी अध्यापकांचे)

इंग्रजीचे अध्यापक आणि अध्यापक-प्रशिक्षक यांनी अध्यापनपद्धती, भाषाविज्ञान, मूल्यमापन व वर्गसंशोधन यांवरील ग्रंथ, नियतकालिके आणि अहवाल यांचे आपल्या कामाच्या दृष्टीने केलेले वाचन. पाठ्यपुस्तक, शिक्षक-हस्तपुस्तिका किंवा परीक्षेची टिपणे यांचे वाचन यात धरत नाहीत. बी.एड.चे नेमलेले वाचन सीमारेषेवरचे. ते परीक्षेपुरते झाले तर त्याला व्यावसायिक वाचन म्हणता येत नाही.

उगम : या वाचनाचा आरंभ सामान्यतः १९४६ पासून मोजतात. त्या वर्षी ब्रिटिश कौन्सिलने ए. एस. हॉर्नबी यांच्या संपादकत्वाखाली ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ हे नियतकालिक सुरू केले; तेच आजचे ‘ईएलटी जर्नल’. दुसरे मत याहून मागे जाते. इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून टोकिओला गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने तेथे इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था उभी राहिली आणि तिची पत्रिका निघू लागली. हॉर्नबी पुढे याच संस्थेत आले, पत्रिकेच्या संपादनातही होते. हा धागा लक्षात घेता १९४६ हा आरंभ न मानता जपानी उपक्रमाचा विस्तार मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारताच्या बाजूने मायकेल वेस्ट यांचा १९२६ चा बंगालमधील द्विभाषिकतेवरील अहवाल महत्त्वाचा आहे. ढाक्याच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना त्यांनी बंगाली विद्यार्थ्याला बोलण्याआधी इंग्रजी वाचता येणे अधिक गरजेचे आहे, अशी बाजू मांडली. हा अहवाल विद्यार्थ्यांच्या वाचनाविषयीचा आहे. परंतु येथील वर्गातून निघालेला आणि येथील शिक्षकाने वाचावा असा तो आरंभीच्या दस्तऐवजांपैकी एक आहे.

बडोद्यातील पार्श्वभूमी : बडोद्याच्या (वडोदरा) संदर्भात हा विषय थेट ग्रंथालय चळवळीशी जोडण्याची पद्धत आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची व गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठवल्या जात. १९१२ मध्ये येथून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभागही होते. या चळवळीचा रोख सार्वजनिक वाचनावर होता, इंग्रजी अध्यापनावर नव्हता. त्यामुळे तिला या वाचनाचे मूळ म्हणणे ताणल्यासारखे होते. ग्रंथ शिक्षकाच्या गावापर्यंत नेण्याची सोय मात्र तिने लावली, एवढे निश्चित म्हणता येते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या महिला कुलगुरू हंसा मेहता यांचे नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिलेले आहे.

प्रभू आणि बंगळूर प्रकल्प : भारतीय इंग्रजी अध्यापकाच्या वाचनयादीत एन. एस. प्रभू यांचे लेखन टाळता येत नाही. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत चाललेल्या त्यांच्या ‘बंगळूर प्रकल्पा’त व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून कृतींच्या आधारे शिकवले गेले. शिक्षक आधी सगळ्या वर्गासमोर नमुन्याची कृती सोडवून घेत आणि मग तशीच दुसरी कृती विद्यार्थी एकेकटे करत. काठिण्य ठरवण्याचा प्रभूंचा आडाखा सोपा होता : साधारण निम्म्या वर्गाला कृतीचा निदान निम्मा भाग जमला पाहिजे.

हा आडाखा वाचून सोडून देण्यासारखा नाही. सातवीच्या वर्गात रेल्वे वेळापत्रकावरची कृती घेतली, चाळीसपैकी आठ मुलांनी दहापैकी पाच प्रश्न सोडवले, तर कृती अवघड ठरते. पस्तीस जणांनी दहाही सोडवले तर ती शिकवण्याच्या कामाची नाही. पहिल्या प्रसंगी बहुतेकदा भाषा आड येत नाही, चोवीस तासांच्या घड्याळाचे वाचन आड येते. हे तपासायला तेच दोन प्रश्न मराठीत किंवा गुजरातीत विचारून पाहावेत. प्रकल्पाच्या मूल्यमापनावर पुढे बरीच चर्चा झाली. प्रभूंचे लेखन आणि ती चर्चा एकत्र वाचलेली बरी. सर्वोत्तम पद्धत असे काही नसते, शिक्षकाला आपल्या वर्गात काय व का साधते याची स्वतःची जाण महत्त्वाची, हा त्यांचा १९९० चा विचार प्रशिक्षकांनी प्रथम वाचावा. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी आहे, कारण वाचन कशासाठी करायचे ते त्यातून ठरते.

वाचनाची रीत : चारेक हजार शब्दांचा लेख तीन फेऱ्यांत वाचावा. पहिली फेरी दहा मिनिटांची : सारांश, उपशीर्षके, शेवटचे दोन परिच्छेद. दुसऱ्या फेरीत पेन्सिलीने समासात खुणा : वर्गाची परिस्थिती दिली असेल तेथे ‘व’, लेखकाचा दावा असेल तेथे ‘दा’, पुरावा असेल तेथे ‘पु’. ‘दा’ पुष्कळ आणि ‘पु’ तुरळक असतील तर लेख मत म्हणून वाचावा. ‘व’ एकदाही आला नाही तर त्यातली कृती जशीच्या तशी उचलू नये. तिसऱ्या फेरीअखेर चार-पाच ओळी लिहायच्या : कोणती इयत्ता, कोणता तास, नेमके काय करायचे आणि जमले हे कशावरून ओळखायचे.

गटवाचनाला सहा ते आठ जण पुरेत. तासाभरात पहिली दहा मिनिटे मागच्या वेळी ठरलेल्या प्रयोगाच्या वृत्तांताला द्यावीत. ती शेवटी ठेवली की राहूनच जातात. लेख इंग्रजीत असला तरी चर्चा मराठी-गुजरातीत झाल्यास अननुभवी शिक्षकही बोलतात. प्रशिक्षकाने तोच लेख पुन्हा एकदा, शिक्षकांना त्यावर काय विचारायचे या नजरेने वाचावा.

नेहमीचे दोष : लेखाचे चार तुकडे करून चौघांना सारांश सांगायला लावणे ही सर्वांत रूढ चूक आहे, युक्तिवाद कोणाच्याच हाती लागत नाही. दुसरा दोष परिस्थिती न पाहता उसनवारी करण्याचा. हलवता येणाऱ्या खुर्च्यांवर बसलेल्या पंधरा प्रौढांसाठी लिहिलेले जोडीकाम पन्नास मुलांच्या बाकांच्या वर्गात आणले की पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा सूचनांतच जातात. त्यावर उपाय : एकाआड एका बाकावरच्या मुलांना मागे वळवून चौघांचे गट करणे, आणि सूचना समजावण्याऐवजी दोन मुलांकडून कृती सर्वांसमोर करून दाखवणे.

उच्चारांवरील परदेशी हस्तपुस्तकांत भारतीय भाषा एका गटात घातलेल्या आढळतात, म्हणून त्यांतील इशारे पडताळून घ्यावेत. मराठी मुलाला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींसाठी एकच व हाताशी असतो. तो भेद शिकवावाच लागतो. ‘बेट’ आणि ‘बॅट’ मात्र तो बहुधा सहज वेगळे करतो. उपपदे (आर्टिकल्स) मराठीतही नाहीत आणि गुजरातीतही नाहीत, त्यामुळे ‘अ’ व ‘द’ यांवरचे प्रकरण बडोद्यातील दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांनी पूर्ण वाचावे.

साधने : ‘ईएलटी जर्नल’ व टेसॉल या इंग्रजी अध्यापकांच्या संघटनेचे १९६७ पासूनचे ‘टेसॉल क्वार्टर्ली’ यांतील बरेचसे लेख वर्गणीशिवाय मिळत नाहीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ते पाहावेत. ब्रिटिश कौन्सिलची अध्यापनविषयक बरीच ई-पुस्तके विनामूल्य आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे जाळे) केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात भारतीय प्रबंध खुले असतात. त्यांत आधी परिशिष्टे उघडावीत, चाचण्या व प्रश्नावल्या तेथे सापडतात. मराठीतून या विषयावर थोडेच लेखन आहे, तेही मुख्यत्वे बी.एड.च्या आशययुक्त अध्यापनपद्धतीच्या पुस्तकांपुरते.