उष्णकटिबंधीय बेटांवरील कौटुंबिक सेंद्रिय शेती

कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या बेटांवर एकेक कुटुंब घरच्या श्रमावर, रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता जी छोटी शेती करते आणि जिचे पीक मुख्यतः त्याच बेटावरच्या लोकांच्या पोटात जाते, ती शेती. क्षेत्र बहुधा हेक्टर-दोन हेक्टरांच्या आतले. पुष्कळदा ते सलगही नसते. घरामागची परसबाग, उतारावरचा एखादा तुकडा, पाणथळीतले अळूचे वाफे आणि चार-दोन नारळ मिळून एका घराचे 'शेत' होते. अळू, रताळी, कोनफळ, कसावा, केळी, नीरफणस, पपई, नारळ व पालेभाज्या ही नेहमीची पिके. त्यांच्या जोडीला कोंबड्या, डुकरे आणि किनाऱ्यावरची मासेमारी असते.

विस्तीर्ण भूखंडावर सेंद्रिय शेती करायची की नाही, हे शेतकरी आपल्या मनाने ठरवू शकतो. लहान बेटावर, त्यातही प्रवाळाच्या कंकणद्वीपावर (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या सखल बेटावर), ते बरेचसे पाणीच ठरवते. तिथे नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळखडकातून खाली मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. या थराला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. गायबेन-हर्झबर्ग संबंधानुसार समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडे पाणी साठले, तर खाली सुमारे 40 मीटर असायला हवे. पण चिंचोळ्या कंकणद्वीपावर पाण्याची पातळी समुद्राच्या वर काही सेंटीमीटरच असते, त्यामुळे भिंगाची जाडी काही मीटरांपासून फार तर 20 मीटरांपर्यंत भरते. विहिरीतून जोराने उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. वरची माती इतकी पातळ असते की तिच्यावर टाकलेले नत्र पुढच्या मोठ्या पावसात थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. शेत आणि विहीर यांच्यामध्ये गाळणी अशी काही नसतेच. म्हणून 'सेंद्रिय' या शब्दाने निश्चिंत होणेही धोक्याचे आहे. विहिरीला लागून डुकरे बांधली किंवा कच्चे खत ओतले, तर तेही पाणी तितकेच बिघडवते. खत कुजवून, मुरवून, विहिरीपासून दूर वापरणे हा या शेतीतला पहिला नियम.

प्रवाळी माती म्हणजे बहुतांशी शिंपल्या-प्रवाळांचा चुरा. ती अल्कधर्मी असते, आणि अशा मातीत लोह, मँगनीज, जस्त असूनही मुळांना मिळत नाहीत. पाने पिवळी पडतात. आम्लधर्मी जमिनीत उपयोगी पडणारी राख किंवा चुना इथे घातला तर दुखणे वाढतेच. यावर पॅसिफिकमधल्या किरिबाटी या द्वीपराष्ट्रात गंजलेले पत्र्याचे डबे झाडाच्या बुडाशी पुरतात. लोहाची कमतरता भरून काढायचा हा साधा उपाय दिसायला ओबडधोबड आहे, पण कृषितज्ज्ञांनीही तो उचलून धरला आहे.

खड्ड्यातली अळूशेती हे या परंपरेचे सर्वांत थोर काम म्हणावे लागेल. किरिबाटीत ज्याला 'बाबाई' आणि तुवालूत 'पुलाका' म्हणतात, ते राक्षसी दलदली अळू घेण्यासाठी प्रवाळखडक फोडून थेट गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत खड्डे खणलेले असतात. कंदाभोवती केतकीच्या किंवा नारळाच्या पात्यांची बिनबुडाची टोपली विणतात आणि तिच्यात वरचेवर पाला, काळी माती, कुजका काडीकचरा भरत जातात. कोणत्या झाडाचा पाला, कोणत्या क्रमाने, किती वाळवून घालायचा याची घराघराची रीत वेगळी. ती मुलांना सांगतात, शेजाऱ्याला सांगत नाहीत. जिथे माती नव्हतीच तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने तयार केली गेली. खताचे पोते उघडून हे काम होणारे नव्हते.

ज्वालामुखीजन्य उंच बेटांची गोष्ट निराळी. तिथे माती खोल असते, ओढे वाहतात. मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती स्फुरद घट्ट धरून ठेवते आणि मुसळधार पाऊस उतारावरची सुपीकता धुऊन नेतो. म्हणून जमीन उघडी न ठेवणे हेच तिथले मुख्य तंत्र. वर नारळ व नीरफणस, मध्ये केळी, खाली अळू व रताळी असे थर रचले जातात. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार अडवायला किनाऱ्याच्या बाजूला उंडी, केतकी अशा झाडांची दाट फळी ठेवतात. श्रीलंकेतल्या कँडी परिसरातील बागा आणि जावामधील 'पेकारांगान' ही घराभोवतीच्या अशाच थरांच्या शेतीची जुनी, नीट अभ्यासली गेलेली उदाहरणे आहेत.

मग इतकी जाण असलेली बेटे बाहेरच्या अन्नावर विसंबून का राहू लागली? मळ्यांमुळे. साखर, खोबरे, अननस यांसाठी चांगली जमीन गेली आणि जेवण बोटीने येऊ लागले. हवाईत डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा पट्टा एक घटक मानणारी 'अहुपुआआ' व्यवस्था होती, ओढ्याचे पाणी अळूच्या वाफ्यांतून फिरून पुन्हा ओढ्याला मिळत असे. ऊसमळ्यांनी ते पाणी वळवले. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना डिसेंबर 2016 मध्ये बंद झाला, पण हवाईचे 85 ते 90 टक्के अन्न आजही बाहेरून येते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. क्यूबात कलाटणी उलट्या दिशेने मिळाली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, इंधन, खते व सुटे भाग येणे बंद झाले. ट्रॅक्टर उभे राहिले आणि बैल पुन्हा शेतात आले. तिथल्या लहान शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 1997 पासून 'शेतकऱ्याकडून शेतकऱ्याला' ही चळवळ चालवली. एकाने आपल्या शेतात करून पाहिलेले तंत्र दुसऱ्याने तिथे जाऊन, हाताने करत शिकायचे. अधिकाऱ्याच्या व्याख्यानापेक्षा ही पद्धत सरस ठरली यात नवल नाही.

पुरवठ्याची बाजू बाहेरून सोपी वाटते. अंतर कमी, गिऱ्हाईक ओळखीचे. शेतकरी रस्त्याकडेला टपरी टाकतो, आठवड्याची टोपली घरोघर पोहोचवतो, शाळेला किंवा पाहुण्यांच्या निवासाला भाजी देतो. अडचण बाजाराच्या आकारात आहे. शंभर-दोनशे घरांच्या बेटावर नीरफणस पिकतो तेव्हा सगळ्यांच्याच अंगणात पिकतो. तेवढ्यासाठी शीतगृह परवडत नाही आणि पुढची बोट कधी येईल याचा भरवसा नसतो. पॉलिनेशिया व मायक्रोनेशियातल्या लोकांनी यावर फार पूर्वी तोड काढली. पानांनी आतून मढवलेल्या खड्ड्यात नीरफणस दाबून आंबवायचा. असा साठा महिनोन्‌महिने, नीट राखला तर वर्षानुवर्षे टिकतो.

खरी स्पर्धा असते ती बोटीने येणारा पांढरा तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांस यांच्याशी. ते शिजवायला सोपे, टिकायला चांगले आणि बहुतेकदा स्वस्त. त्याची किंमत बेटांनी शरीराने मोजली आहे. पॅसिफिकमधल्या कित्येक बेटांवर मधुमेहाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटावर मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता दिसू लागली, तेव्हा उत्तर घरच्याच बागेत सापडले. 'कारात' नावाच्या केळ्याचा गर नारिंगी असतो आणि त्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असते. ही जात लोकांच्या विस्मरणात चालली होती. तिची पुन्हा लागवड व्हावी म्हणून बेटावर मोहीम निघाली. आरोग्यखात्याचे काम काही अंशी केळीच्या मुनव्यांनी केले, असे म्हणता येईल.

कीडरोगांच्या बाबतीत समुद्र राखणदार आहे, तोवर बेट सुखी. एकदा का कीड आत आली की तिला रोखणारा शत्रू तिथे नसतो. गेंड्या भुंगा 1909 मध्ये सामोआत पोहोचला आणि नारळाचा काळ ठरला. 1960 च्या दशकात तिथे सोडलेल्या एका विषाणूने त्याची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली. जैविक नियंत्रणाच्या इतिहासातले हे मोठे यश. मात्र हा भुंगा 2007 मध्ये ग्वामवर आणि 2013 मध्ये हवाईतल्या ओआहूवर सापडला, आणि सेंद्रिय शेतकऱ्यापुढे अवघड पेच उभा राहिला. कुजकी खोडे, खताचा ढीग, जाड आच्छादन म्हणजे मातीचा जीव, आणि भुंग्याच्या अळ्याही तिथेच वाढतात. ढीग लहान ठेवणे, वारंवार उलथणे, पडलेली खोडे साफ करणे या कामांना पर्याय नाही.

सामोआतच 1993 मध्ये अळूवर पानकरपा आला. जवळजवळ सगळी लागवड रोगाला बळी पडणाऱ्या एकाच लोकप्रिय वाणाची होती. वर्षभरात निर्यात जवळपास थांबली. नंतर बाहेरून आणलेल्या प्रतिकारक्षम वाणांशी संकर करून, निवड शेतकऱ्यांच्याच हाती देऊन नवे वाण तयार झाले. परसबागेतली वाणांची सरमिसळ अनेकांना अव्यवस्था वाटते. त्या वर्षी तिचे मोल कळले.

सेंद्रिय असल्याचे प्रमाणपत्र हा छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा विषय असे, कारण परदेशी निरीक्षकाचा विमानखर्चच पिकाच्या उत्पन्नाहून जास्त. सहभागी हमी पद्धतीने ही कोंडी फोडली. शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते तपासतात आणि एकमेकांसाठी जबाबदार राहतात. पॅसिफिक प्रदेशाने 2008 मध्ये स्वतःचे सेंद्रिय मानक स्वीकारले आणि फिजीतील सिसिया हे अख्खे बेट 2013 मध्ये या पद्धतीने सेंद्रिय ठरले. भारतात 2021 मध्ये कार निकोबार व नानकौरी बेटसमूहातील 14,491 हेक्टर क्षेत्राला एकत्रित प्रमाणपत्र मिळाले. तिथे नारळाच्या बागा 'तुहेत' या विस्तारित कुटुंबाच्या सामाईक असतात आणि रसायनांचा वापर मुळातच नव्हता. याच्या अगदी उलट उदाहरण त्याच वर्षीच्या श्रीलंकेचे. सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, भात व चहाचे उत्पादन घसरले आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. माती घडायला वर्षे लागतात. त्या निर्णयाने एक हंगामही दिला नाही.

वादळे हा या शेतीचा कायमचा हिशेब. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोतल्या पिकांचे सुमारे 80 टक्के मूल्य पुसून टाकले, असा सरकारी अंदाज होता. अशा वेळी जमिनीखालचे कंद तग धरतात. 2008 च्या आइक वादळानंतर क्यूबात झालेल्या पाहणीत मिश्र पिकांच्या शेतांचे नुकसान 50 टक्क्यांच्या आसपास, तर शेजारच्या एकपीक शेतांचे 90 ते 100 टक्के आढळले. पण समुद्रच आत शिरला तर कंदही वाचत नाहीत. 2005 मध्ये पर्सी वादळात कुक बेटांपैकी पुकापुकावर लाटा चढल्या आणि भिंगातले पाणी पुन्हा पिण्याजोगे व्हायला 11 महिने लागले. अशा काळात अन्न आणि नवी लागण दोन्ही समुद्रापलीकडूनच यावी लागतात. मायक्रोनेशियातल्या याप बेटाभोवतीच्या कंकणद्वीपांनी 'सावेई' नावाची देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. चांगल्या दिवसांत होड्या विणलेले कापड, दोर आणि नारळाच्या वस्तू घेऊन यापला जात. वादळानंतर त्याच नात्याच्या आधारावर तिथून अन्न व लागणीसाठी कंद मिळत.