खरेदीदाराच्या अंगणातला बाजार: लंगकावीच्या 'लिमा' प्रदर्शनाची पार्श्वभूमी

मलय भाषेत 'लिमा' म्हणजे पाच. लंगकावी आंतरराष्ट्रीय सागरी आणि हवाई प्रदर्शनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'लिमा' झालं, एवढाच त्या शब्दाशी प्रदर्शनाचा संबंध. योगायोगानं हल्ली ते भरतंही पाचच दिवस, मंगळवार ते शनिवार. दर दोन वर्षांनी, विषम सालात, मलेशियाच्या वायव्य टोकाला असलेल्या या बेटावर लढाऊ विमानं उतरतात, युद्धनौका नांगर टाकतात आणि संरक्षण खात्यांची शिष्टमंडळं दालनांतून फिरू लागतात. १९९१ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनाची १७वी खेप २० ते २४ मे २०२५ या काळात पार पडली.

बातम्यांत येतात ते करारांचे आकडे आणि कसरतींचे फोटो. पण राजधानी क्वालालंपूर सोडून हा बाजार या बेटावरच का भरतो आणि सागरी व हवाई अशी जोडगोळी त्यात का बांधली गेली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

लंगकावी हा केदाह राज्यातला ९९ बेटांचा समूह आहे. ओहोटीला आणखी काही खडक डोकं वर काढतात, म्हणून काहीजण बेटं १०४ मोजतात. मलेशियात हे नाव काढलं की आधी आठवते ती माहसुरी. व्यभिचाराचा खोटा आळ घेऊन तिला मृत्युदंड दिला गेला, तिच्या अंगातून पांढरं रक्त वाहिलं आणि मरताना तिनं बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला, अशी दंतकथा. ही घटना १९व्या शतकाच्या सुरुवातीची मानतात. त्यानंतर लवकरच, १८२१ मध्ये, सयामच्या फौजांनी केदाहवर स्वारी केली. शत्रूच्या हाती धान्य लागू नये म्हणून पादांग मात सिरात गावातल्या लोकांनी भाताची कोठारं स्वतःच पेटवली, असं सांगतात. गावात 'बेरास तेरबाकार' म्हणजे 'जळका तांदूळ' नावाची जागा आजही दाखवतात. पाऊस पडून गेला की काळे पडलेले दाणे मातीतून वर येतात, अशी तिथली समजूत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की लंगकावीचा विमानतळ याच पादांग मात सिरातमध्ये आहे. धावपट्टीला लागून प्रदर्शनाचं केंद्र आहे आणि त्या केंद्राला नाव दिलंय माहसुरीचं. जिच्या शापामुळे बेट ओसाड राहिलं म्हणतात, तिच्याच नावाच्या छताखाली जगभरचे विमान कारखानदार स्टॉल मांडून बसतात. मला या प्रदर्शनाची ही सगळ्यात हृद्य गोष्ट वाटते.

शाप उतरवायचं मनावर घेतलं ते महाथीर मोहम्मद यांनी. राजकारणात येण्याआधी ते सरकारी डॉक्टर होते आणि त्या नोकरीत काही काळ लंगकावीत राहिले होते. तेव्हाचं बेट म्हणजे मासेमारी, भातशेती आणि गरिबी. १९८१ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९८७ मध्ये लंगकावी करमुक्त बेट जाहीर झालं. ऑक्टोबर १९८९ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांच्या बैठकीतला एक टप्पा इथे झाला आणि पर्यावरणाविषयीचा 'लंगकावी जाहीरनामा' निघाला. १९९० मध्ये बेटासाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण आलं आणि पुढच्याच वर्षी लिमा. हा क्रम ध्यानात घेतला की उलगडा होतो. प्रदर्शनासाठी बेट शोधलं गेलं नाही. बेट उभं करायचं होतं, त्यासाठी जे जे आणलं गेलं त्यात हे प्रदर्शनही होतं.

पण बेटाचा विकास हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं मलेशियाच्या खरेदीत आहे.

विमानांची प्रदर्शनं सहसा विकणाऱ्यांच्या घरी भरत आली. पॅरिसचं १९०९ पासूनचं, ब्रिटनमध्ये फार्नबरोला १९४८ पासूनचं. तिथले कारखानदार आपला माल मांडत आणि जग बघायला जाई. सिंगापूरनं १९८१ मध्ये आशियाई प्रदर्शन सुरू केलं ते व्यापारी पेठ म्हणून. मलेशियाकडे विकायला फारसं काही नव्हतं. होती ती खरेदीची यादी. १९८८ मध्ये महाथीर आणि ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यात शस्त्रखरेदीचा सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये २८ ब्रिटिश हॉक लढाऊ विमानांचा सौदा ठरला. त्याच सुमाराला ब्रिटननं मलेशियातल्या पेरगाऊ धरणाला मदत देऊ केली. मदत आणि शस्त्रविक्री यांची गाठ मारली गेली, यावरून पुढे ब्रिटनमध्ये मोठं वादळ उठलं आणि १९९४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ती मदत बेकायदा ठरवली. ब्रिटिश वृत्तपत्रांतल्या आरोपांवर चिडून महाथीर यांनी त्या वर्षी काही महिने ब्रिटिश कंपन्यांना सरकारी कामांचे दरवाजे बंद केले होते.

लिमाचा जन्म या वातावरणात झाला. खरेदीदारानं आपल्याच अंगणात बाजार भरवला आणि सगळ्या विक्रेत्यांना एकाच वेळी समोर उभं केलं. यात मोठा मुत्सद्दीपणा होता. शीतयुद्ध संपत होतं, रशियन कारखान्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि अमेरिकनांना आग्नेय आशियातली पेठ सोडायची नव्हती. मलेशियानं दोघांकडूनही घेतलं: १८ मिग-२९ रशियाकडून आणि ८ एफ/ए-१८ अमेरिकेकडून. मिगच्या किमतीचा काही भाग तर पामतेलात चुकता झाला. दोन्ही घरची विमानं एकाच हवाई दलात सांभाळायची म्हणजे सुटे भाग, शस्त्रं, प्रशिक्षण सगळंच दुप्पट. ही किंमत मलेशिया पुढची अनेक वर्षं मोजत राहिला.

सौद्याच्या बदल्यात विक्रेत्यानं काहीतरी आपल्या देशात आणून द्यावं, या अटीला त्या धंद्यात 'ऑफसेट' म्हणतात. मलेशियानं तिचा भरपूर वापर केला. २००३ मध्ये १८ सुखोई-३० एमकेएम विमानांचा करार झाला, त्यात एक मलेशियन माणूस अवकाशात नेण्याची तरतूद होती. त्यानुसार शेख मुझफ्फर शुकोर हे अस्थिरोग डॉक्टर ऑक्टोबर २००७ मध्ये सोयुझ यानातून अवकाश स्थानकावर पोहोचले. या सुखोईंवर मलेशियन वैमानिकांना तयार करायला २००८ पासून दोन वर्षं भारतीय हवाई दलाचं पथक मलेशियातल्या गोंग केदाक तळावर होतं, ही आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट.

आता समुद्राकडे येऊ. मलेशिया हा मधोमध पाणी असलेला देश आहे. एक भाग द्वीपकल्पावर, दुसरा बोर्निओवर आणि मध्ये दक्षिण चिनी समुद्राचा शेकडो किलोमीटरचा पट्टा. पश्चिमेला मलाक्काची सामुद्रधुनी, जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. तिच्या उत्तर तोंडाशीच लंगकावी आहे. अशा देशात नौदल आणि हवाई दल यांची कामं वेगळी काढताच येत नाहीत. लिमाची जोडगोळी या भूगोलातून आली. पादांग मात सिरातला ३,८१० मीटरची धावपट्टी आणि नैऋत्य किनाऱ्यावर पोर्टो मालाईचा धक्का, अशी दोन्ही अंगं एका छोट्या बेटावर मिळाली. युद्धनौका धक्क्याला लागलेली आणि तिच्यावरून लढाऊ विमान गेलेलं एकाच नजरेत पाहता येणं, हे लिमाचं खरं भांडवल आहे. २०१९ मध्ये भारताची आयएनएस कदमत ही पाणबुडीविरोधी कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, तिथे गेली होती आणि त्याच खेपेला तेजस विमानानं लंगकावीच्या आकाशात कसरती केल्या.

कसरतींची गोष्ट निघाली की १९९५ चा डिसेंबर वगळून पुढे जाता येत नाही. रशियाच्या कुबिंका तळावरची 'रशियन नाइट्स' ही सुखोई-२७ विमानांची तुकडी लिमातली प्रात्यक्षिकं आटोपून घरी निघाली होती. १२ डिसेंबरला इंधनासाठी व्हिएतनाममधल्या काम रान तळावर उतरायचं होतं. हवा खराब, ढग खाली आलेले. पुढे वाट दाखवणारं इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान आणि त्याच्या पाठोपाठ, पंखाला पंख लावून, लढाऊ विमानं. अशा रांगेत मागच्या वैमानिकाची नजर पुढच्या विमानावर खिळलेली असते, जमिनीवर नसते. तळ जवळ आला असताना तीन सुखोई डोंगरावर आदळली आणि चार वैमानिक गेले. ज्यांना हजारो लोकांनी लंगकावीत टाळ्या दिल्या, ते घरी पोहोचलेच नाहीत. प्रदर्शनांच्या इतिहासात हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही.

१५ मार्च २०१५ ला नशीब बरं होतं. उद्घाटनाला दोन दिवस असताना सराव करणाऱ्या इंडोनेशियाच्या 'ज्युपिटर' तुकडीची दोन केटी-१बी विमानं हवेत एकमेकांवर घासली. चारही वैमानिक हवाई छत्रीनं उतरले. अवशेष वस्तीजवळ पडले, तरी जमिनीवर कुणाचा जीव गेला नाही.

प्रदर्शनानं बाहेरचे धक्केही पचवले. डिसेंबर १९९७ ची खेप आशियाई आर्थिक संकटाच्या ऐन भरात आली. मलेशियाचं चलन असलेला रिंगिट रोज घसरत होता आणि खरेदीच्या योजना बासनात जात होत्या. २०११ पर्यंत बहुतेकदा डिसेंबरात भरणारं प्रदर्शन २०१३ पासून मार्चमध्ये आणि २०२३ पासून मे महिन्यात आलं. करोनामुळे २०२१ ची खेप झालीच नाही.

या सगळ्यातून मलेशिया स्वतः बनवणारा देश झाला का? अंशतः. मलाक्कामध्ये १९९० साली सुरू झालेली सीटीआरएम ही सरकारी प्रेरणेतली कंपनी आज एअरबसच्या विमानांचे कॉम्पोझिट भाग बनवते आणि ते काम भक्कम आहे. जहाजांच्या बाबतीत मात्र चित्र दुःखद आहे. किनारी लढाऊ जहाजांचा ९ अब्ज रिंगिटचा प्रकल्प लुमुतच्या गोदीला मिळाला. पहिलं जहाज २०१९ मध्ये मिळायचं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं सांगितलं की ६ अब्जांहून जास्त पैसे देऊनही एकही जहाज हाती आलेलं नाही. दालनात काचेखाली मांडलेली प्रतिकृती आणि गोदीत तरंगणारं जहाज यांतलं अंतर प्रदर्शनं भरवून कमी होत नाही. त्याला देखरेख लागते, आणि नेमकी तीच कमी पडली.

२०१९ च्या खेपेला महाथीर पुन्हा पंतप्रधान होते, तेही लंगकावी मतदारसंघातून निवडून आलेले. प्रदर्शन सुरू होण्याच्या तोंडावर त्यांनी बेटावरूनच युरोपला सुनावलं: आमच्या पामतेलाची अडवणूक केलीत, तर विमानं चीनकडून घेऊ. पामतेल आणि लढाऊ विमानं पंचवीस वर्षांनी पुन्हा एका वाक्यात आली.

त्यानंतरचा मोठा करार २३ मे २०२३ ला लिमातच झाला. दक्षिण कोरियाच्या १८ एफए-५० विमानांसाठी सुमारे ९२ कोटी डॉलर. या स्पर्धेत आपलं तेजसही होतं. नवी विमानं ज्यांची जागा घेणार आहेत त्यांत ब्रिटिश हॉक आहेत, ज्यांचा सौदा पहिल्या लिमाच्या आदल्या डिसेंबरात ठरला होता.